पडद्यावरचा राम, यंत्रावरचे बटण

निवडणुकीचे वारे सुटले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी 'अमुक मालिकेचा शेवट असा का केला' असे विचारणारे वाचक 'अमुक नट उभा राहिला तर मालिकेचे काय' असे विचारू लागतात. या वेळी अशाच पत्रांतील निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरात वाद आहे. सासूबाई म्हणतात, 'रामायण'मधला राम तेव्हाच खासदार झाला होता. सासरे म्हणतात, राम नव्हे, रावण झाला होता. खरे काय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : या वादात सासऱ्यांची बाजू बरोबर आहे. पण सासूबाईंच्या आठवणीलाही आधार आहे.

रामानंद सागर यांचे 'रामायण' 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर दाखवले गेले. एकूण भाग 78. मालिका अजून चालू असताना, जून 1988 मध्ये, अलाहाबादची लोकसभा पोटनिवडणूक झाली. अमिताभ बच्चन यांनी राजीनामा दिल्याने ती जागा रिकामी झाली होती. त्या पोटनिवडणुकीत रामाची भूमिका करणारे अरुण गोविल हे काँग्रेसचे उमेदवार सुनील शास्त्री यांच्या प्रचारासाठी गेले होते. सासूबाईंना बहुधा तेच आठवत असावे. समोर अपक्ष म्हणून विश्वनाथ प्रताप सिंह उभे होते आणि ते जिंकले. लोक पडद्यावर राम दिसताच हात जोडत होते, उदबत्ती लावत होते. अशा दिवसांत खुद्द रामाने मत मागितले आणि लोकांनी ते दिले नाही! 'मालिकेच्या जोरावर निवडणूक जिंकता येते' असे कोणी म्हणाले की हे उदाहरण पुढे करावे.

खासदारकी मिळाली ती सीतेला आणि रावणाला. 1991 च्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या तिकिटावर दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून निवडून आले. बडोद्यात दीपिका यांच्यासमोर काँग्रेसचे रणजितसिंह गायकवाड होते, म्हणजे प्रत्यक्ष राजघराण्यातला माणूस. दोन्ही मतदारसंघ गुजरातमधले आहेत. त्या वर्षी तिथे भाजपची लाट होती आणि राममंदिराचा विषय प्रचाराच्या केंद्रस्थानी होता. मालिकेतली भूमिका आणि पक्षाचा मुद्दा यांची नाळ जुळली होती. अलाहाबादेत तसे काही नव्हते. तिथला मुद्दा बोफोर्स तोफखरेदीतल्या लाचखोरीच्या आरोपांचा होता आणि त्यावर रामाकडे बोलण्यासारखे काही नव्हते.

'महाभारत'मधले कृष्ण, आपले मराठी नितीश भारद्वाज, 1996 मध्ये जमशेदपूरहून भाजपतर्फे निवडून आले. 1999 मध्ये मध्य प्रदेशातल्या राजगढमध्ये मात्र ते हरले. तिथे समोर काँग्रेसचे लक्ष्मण सिंह होते, म्हणजे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे बंधू. द्रौपदी झालेल्या रूपा गांगुली 2016 मध्ये हावडा उत्तर या विधानसभा मतदारसंघातून हरल्या आणि नंतर नियुक्त सदस्य म्हणून राज्यसभेत गेल्या. हनुमान झालेले दारासिंग हेही राज्यसभेत गेले होते, पण तेही नियुक्तीने. 'खासदार झाला' असे म्हणताना निवडणूक लढवून की नियुक्तीने, हे विचारायला हवे. बहुतेक घरगुती वाद तिथेच मिटतात.

आणि राम? अरुण गोविल स्वतः उभे राहिले ते थेट 2024 मध्ये, मेरठमधून. भाजपतर्फे 10,585 मतांनी ते जिंकले. हा आकडा वाचताना आधीचा आकडाही पाहावा. 2019 मध्ये त्याच जागेवर त्याच पक्षाचे राजेंद्र अग्रवाल अवघ्या 4,729 मतांनी जिंकले होते. जागा आधीपासून त्या पक्षाकडे होती आणि आधीपासून अटीतटीची होती.

प्रश्न : मग एखाद्या कलाकाराची लोकप्रियता मतांत किती उतरली, हे मोजायचे कसे? वाहिन्यांवर जो तो छातीठोक सांगतो. (एक वाचक, मंचर)

उत्तर : एका निकालावरून ते कळत नाही. किमान दोन निवडणुका समोर ठेवाव्या लागतात, आणि त्यातली एक मालिका नसतानाची असावी.

योगायोगाने तुमचाच शिरूर मतदारसंघ याचा नमुना आहे. डॉ. अमोल कोल्हे यांची 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका सप्टेंबर 2017 पासून फेब्रुवारी 2020 पर्यंत चालली. 2019 ची लोकसभा निवडणूक मालिका ऐन भरात असताना झाली. राष्ट्रवादीतर्फे कोल्हे यांनी शिवसेनेचे शिवाजीराव आढळराव पाटील यांचा 58,483 मतांनी पराभव केला. आढळराव हे लागोपाठ निवडून आलेले खासदार होते, त्यामुळे सगळे श्रेय मालिकेला दिले गेले. 2024 मध्ये मालिका संपून चार वर्षे झाली होती. उमेदवार तेच दोघे, पण आढळराव आता अजित पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे आणि कोल्हे शरद पवारांच्या पक्षातर्फे. या वेळी मताधिक्य 1,40,951 झाले. दुसऱ्यांदा मालिका नव्हती आणि मताधिक्य दुपटीहून जास्त! पक्षफुटीने मतदारांची मांडणीच बदलून टाकली होती. 2019 मध्ये मालिकेचा उपयोग झाला नाही असे यावरून सिद्ध होत नाही. पण फक्त तिच्यामुळे विजय झाला असेही म्हणता येत नाही.

घरी बसून मोजायचे असेल तर असे करा. मताधिक्याकडे न पाहता मतांची टक्केवारी काढा, कारण मतदान वाढले की मताधिक्य फुगते. मग त्याच पक्षाची शेजारच्या दोन-तीन मतदारसंघांतली टक्केवारी काढा आणि आधीच्या निवडणुकीशी तुलना करा. शेजारी पक्ष 5 टक्क्यांनी वाढला आणि कलाकाराच्या जागी 6 टक्क्यांनी, तर कलाकाराची स्वतःची कमाई सुमारे 1 टक्का. बाकीची लाट. त्यानंतर नमुना 20 मिळवा. मतदान केंद्रनिहाय निकालाचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर असतो. शहरी आणि ग्रामीण केंद्रे वेगळी काढली की बरेच उलगडते.

तीन ठिकाणी हिशेब चुकतो. पहिले म्हणजे 2009 च्या आधीचे आकडे घेणे. मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर शिरूर हा लोकसभा मतदारसंघ 2009 मध्ये नव्याने आला, त्याआधीचा खेड वेगळा होता. दुसरे, युती-आघाडी बदलली असताना पक्षाच्या जुन्या मतांशी तुलना करणे. तिसरे, तिसऱ्या उमेदवाराकडे दुर्लक्ष करणे. 2009 मध्ये माहीम विधानसभेला शिवसेनेने आदेश बांदेकर यांना उमेदवारी दिली. 2004 पासून 'होम मिनिस्टर'मुळे ते घराघरांत पोचलेले होते. पण उमेदवारी न मिळालेले सदा सरवणकर काँग्रेसमधून उभे राहिले, शिवाय मनसे मैदानात होती. मराठी मते तीन ठिकाणी गेली आणि मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले. दादर-माहीममध्ये बांदेकरांना ओळखत नाही असे घर शोधून सापडले नसते. ओळख असणे आणि मत मिळणे यांच्यात शाखा, गटप्रमुख आणि मतदारयादीतले पान एवढे अंतर असते.

प्रश्न : स्मृती इराणी 'तुलसी' म्हणून जिंकल्या की नाही? एका वाक्यात सांगा. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : एका वाक्यात : 'क्योंकि सास भी कभी बहू थी' (2000 ते 2008) चालू असताना 2004 मध्ये त्या दिल्लीच्या चांदनी चौकात कपिल सिब्बल यांच्याकडून हरल्या, मालिका संपून अकरा वर्षे झाल्यावर 2019 मध्ये अमेठीत राहुल गांधींना 55,120 मतांनी हरवून जिंकल्या आणि 2024 मध्ये तिथेच किशोरीलाल शर्मा यांच्याकडून 1,67,196 मतांनी हरल्या. दुसरे वाक्य परवानगीशिवाय : 2014 मध्ये अमेठीत हरल्यानंतर पाच वर्षे त्या मतदारसंघात येत-जात राहिल्या, ते काम तुलसीने केलेले नाही.

प्रश्न : मालिकेतला मुख्य कलाकार उमेदवार झाला, तर मालिका बंद करावी लागते का? आमच्या वाचनालयात यावर पैजा लागल्या आहेत. (एक वाचक, मिरज)

उत्तर : खासगी वाहिनीवरची मालिका आपोआप बंद होत नाही. 2019 च्या प्रचारकाळातही 'स्वराज्यरक्षक संभाजी' चालू होती. दूरदर्शनचे वेगळे. ते सरकारी माध्यम आहे, म्हणून आचारसंहितेच्या काळात उमेदवार असलेल्या कलाकाराचे चित्रपट वा कार्यक्रम तिथे दाखवू नयेत अशी निवडणूक आयोगाची भूमिका राहिली आहे.

खासगी वाहिनीसाठी कसोटी आहे ती आशयाची. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 मधले कलम 126 पाहा. मतदान संपण्याच्या आधीचे 48 तास निवडणुकीच्या निकालावर प्रभाव टाकण्याच्या हेतूने केलेला कोणताही मजकूर दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संभाजीराजांच्या भूमिकेतला नट औरंगजेबाशी लढताना दिसला तर तो मजकूर निवडणुकीचा ठरत नाही. त्याच भागात पक्षाचे चिन्ह, घोषणा किंवा उमेदवाराचे आवाहन आले तर ठरू शकतो. मध्ये लागणारी जाहिरात हा आणखी वेगळा विषय. राजकीय जाहिरात दूरचित्रवाणीवर लावायची तर आधी निवडणूक यंत्रणेतल्या माध्यम प्रमाणन समितीचे प्रमाणपत्र लागते. मान्यताप्राप्त वा नोंदणीकृत पक्षाने किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी 7 दिवस आधी. जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता सोबत द्यावी लागते. संहिता आणि प्रत्यक्ष चित्रफीत यांत फरक निघाला तर अर्ज अडकू शकतो.

उमेदवाराच्या आयुष्यावरच कलाकृती असेल तर आयोग कडक असतो. पंतप्रधान मोदींवरच्या चित्रपटाचे प्रदर्शन 10 एप्रिल 2019 रोजी आयोगाने रोखले आणि तो निकालानंतर, 24 मे रोजी, लागला. त्यांच्यावरची वेबमालिकाही त्याच एप्रिलमध्ये थांबवायला लावली होती. पैजेचा निकाल : 'बंद होते' म्हणणारे हरले, पण 'काहीच नियम नाही' म्हणणारेही हरले.

प्रश्न : एका विनोदी मालिकेतली पात्रे अचानक सरकारी योजनेचे गुणगान करू लागली. हे चालते का? तक्रार कुठे करायची? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आचारसंहिता लागू असेल तर चालत नाही, आणि याला महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. एप्रिल 2019 मध्ये 'भाभीजी घर पर हैं' आणि 'तुझसे है राबता' या हिंदी मालिकांत केंद्राच्या योजनांची स्तुती संवादांत घातल्याची तक्रार काँग्रेसने केली. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने नोटिसा काढल्या आणि तो भाग काढून टाकायला लावला.

तुम्ही करू शकाल ते असे. वाहिनी, मालिका, तारीख, प्रसारणाची वेळ आणि भागातले नेमके मिनिट लिहून ठेवा. संवाद शब्दशः उतरवा. 'सरकारची जाहिरात केली' एवढेच लिहिले तर तक्रार पुढे सरकत नाही. वाहिनीच्या अॅपवर तो भाग असेल तर लगेच पाहून मिनिट पक्के करा, कारण तक्रार गेली की तो भाग संपादित होऊन पुन्हा चढवला जाऊ शकतो. हे सगळे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, माध्यम प्रमाणन समितीच्या नावे, लेखी द्या आणि पोच घ्या. प्रत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना द्या. काही अडले तर 1950 हा मदत क्रमांक आहे.

अनेक जण इथे 'सी-व्हिजिल' अॅप वापरू पाहतात आणि फसतात. ते अॅप घटनास्थळावरून काढलेल्या छायाचित्रासाठी किंवा 2 मिनिटांपर्यंतच्या चित्रफितीसाठी आहे. ते जागेची नोंद घेते, भ्रमणध्वनीत आधीच साठवलेली फीत चढवू देत नाही आणि 100 मिनिटांत कारवाईचे आश्वासन देते. चौकात साड्या वाटल्या जात असतील तर ते उत्तम. टीव्हीवरच्या संवादासाठी त्याचा उपयोग नाही. भरारी पथक येऊन तुमच्या दिवाणखान्यातला टीव्ही बघून जाईल.

आचारसंहिता नसेल तर वाट वेगळी. वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. केबल दूरचित्रवाणीच्या 2021 च्या नियमांनुसार 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत उत्तर मिळायला हवे. समाधान झाले नाही तर पुढच्या 15 दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. फक्त एक लक्षात घ्या : आचारसंहिता नसताना योजनेचे कौतुक करणे हा गुन्हा नाही. त्या वेळी आक्षेप असलाच तर प्रायोजित मजकूर तसे न सांगता दाखवला, एवढाच असू शकतो.

प्रश्न : अशा घुसवलेल्या संदेशांनी लोकांची मते खरेच बदलतात? (एक वाचक, वर्धा)

उत्तर : तुमच्या वर्ध्याचेच वसंत साठे माहिती आणि नभोवाणी मंत्री असताना मेक्सिकोतल्या मालिकांचा धडा भारतात आणायचे ठरले. करमणुकीतून कुटुंबनियोजनाचा प्रचार, हा त्यामागचा विचार. त्यातून 7 जुलै 1984 रोजी 'हम लोग' सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन तात्पर्य सांगत.

पहिले तेरा भाग प्रचाराने इतके भरले होते की प्रेक्षक कंटाळले. मग उपदेश पातळ करून कौटुंबिक गुंतागुंत वाढवली आणि मालिका चालली. पण खरी गंमत पुढे आहे. भागवंती ही सोसणारी, स्वतःला पुसून टाकणारी आई निर्मात्यांनी 'असे होऊ नका' म्हणून उभी केली होती. मालिकेचा अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांना आढळले, की प्रेक्षकांपैकी कितीतरी जणांना तीच आदर्श वाटली, बायकांनाही. अशोक कुमार भागाच्या शेवटी समजावून सांगत असूनही! मालिकेतून राजकीय संदेश पेरणाऱ्यांना हे बहुधा कोणी सांगत नाही. संवाद लिहिणे तुमच्या हातात असते, प्रेक्षक त्यातून काय उचलील ते नसते.

'रजनी' (1985) ज्या प्रकारे परिणामकारक ठरली, तो प्रकार निराळा. बासू चटर्जींच्या या मालिकेत प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडर, टॅक्सी, शाळा अशा एकेका रोजच्या अडवणुकीला भिडत. पक्षाचे नाव नाही, योजनेचे नाव नाही. टॅक्सीवाल्यांवरच्या भागाने मुंबईचे टॅक्सीचालक इतके चिडले की निषेध करत दूरदर्शनवर धडकले. आजच्या मालिकांमधली सून चार घरांची कारस्थाने उलटवते, पण महापालिकेत साधा अर्ज करायला जाताना दिसत नाही. आमच्या मते मराठी मालिकांचे सगळ्यात मोठे राजकीय मौन हेच.

प्रश्न : आमच्या मंडळाला हळदीकुंकवाला मालिकेतली नायिका बोलवायची आहे. प्रभागातले इच्छुक उमेदवार खर्च करायला तयार आहेत. पैठणीचा खेळही ठेवायचा आहे. अडचण येईल का? (एका महिला मंडळाच्या कार्यवाह, पिंपरी)

उत्तर : आचारसंहिता लागण्याआधी केला तर कार्यक्रम, नंतर केला तर पुरावा. महापालिकेची आचारसंहिता राज्य निवडणूक आयोग लावतो. ती लागल्यावर उमेदवाराच्या पैशाने दिलेली पैठणी, कुकर किंवा साधी ओटीची साडी हीसुद्धा मतदाराला दिलेले प्रलोभन ठरते. भारतीय न्याय संहितेत लाचेचे कलम 170 आहे आणि त्याची शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची. घेणाराही त्यातून सुटत नाही, म्हणून मंडळाने जपावे.

नुसती नायिका येणार असेल तरी तिचे मानधन, प्रवास, मंडप, ध्वनिक्षेपक हे सगळे उमेदवाराच्या खर्चात धरले जाऊ शकते. व्यासपीठावर उमेदवाराचा फलक किंवा फोटो दिसला की पुरे. विधानसभा-लोकसभेत पक्षाला 'स्टार प्रचारक' नेमता येतात : मान्यताप्राप्त पक्षाला 40, इतर नोंदणीकृत पक्षाला 20. त्यांचा प्रवास पक्षाच्या खात्यावर जातो. नायिकेचे नाव त्या यादीत नसेल तर प्रवासही उमेदवाराच्याच माथी. महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख आहे. गोव्यात ती अनुक्रमे 75 आणि 28 लाख. महापालिकेची मर्यादा यापेक्षा खूपच कमी, त्यामुळे एका तारकेची एक संध्याकाळ हिशेब बिघडवायला पुरते.

मंडळाच्या वर्गणीतून, उमेदवाराला न बोलावता, फलकाशिवाय हळदीकुंकू करा. वाणात स्टीलच्या वाट्या द्या. कोणी काही म्हणणार नाही.

प्रश्न : कलाकार उमेदवाराचे यंत्रावर नाव मालिकेतले छापतात का? आजीला खरे नाव माहीतच नाही. (एक वाचक, कराड)

उत्तर : भूमिकेचे नाव छापले जात नाही. मात्र उमेदवार ज्या नावाने लोकांत ओळखला जातो ते नाव छापावे, अशी लेखी विनंती तो अंतिम यादी तयार होण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करू शकतो. अधिकाऱ्याची खात्री पटली तर ते नाव येते. शिवाय 2015 पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो असतो. पण तो मुकुट-जिरेटोपाशिवायचा साधा फोटो, त्यामुळे आजीला भूमिकेतला चेहरा तिथे शोधून सापडणार नाही.

आजीला चिन्ह दाखवून ठेवा, आणि ते नीट दाखवा. तुमच्याच सातारा मतदारसंघात 2024 मध्ये शरद पवारांच्या पक्षाच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाखेरीज एका अपक्षाचे 'तुतारी' म्हणजे पिपाणी हे चिन्ह होते. त्या अपक्षाला 37 हजारांवर मते मिळाली आणि पवारांच्या पक्षाचा उमेदवार 32,771 मतांनी हरला. यंत्रावर आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग इतर नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष असा क्रम असतो आणि प्रत्येक गटात अकारविल्हे. घरी कागदावर क्रमांक, फोटो, चिन्ह असे काढून दाखवले तर चूक होत नाही. तो कागद मात्र मतदान केंद्रात नेऊ नका. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रात काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते. ती वाचून मगच बाहेर यायला आजीला सांगा. चष्मा विसरायचा नाही.